विचारल्याशिवाय उठू नये

मित्रांनो, मी एक जुनं बाकडं आहे. जुनं म्हणजे फार नाही, अठरा वर्षांचं. पण अठराव्या वर्षी माणसाला मतदानाचा हक्क मिळतो आणि बाकड्याला वाळवी लागते, तेव्हा उगाच तुलना करू नये.

धुळ्यात आग्रा रोडवरून आत वळलं की एक अरुंद गल्ली लागते. नगरपालिकेच्या पाटीवर तिचं भारदस्त नाव आहे म्हणतात. पाटी कोणी वाचलेली नाही, कारण कित्येक वर्षं तिच्यावर खोकल्याच्या औषधाची जाहिरात चिकटलेली आहे. लोक आपले 'कापड गल्ली' म्हणतात. तिथे इंदरचंद शेठचं लग्नाच्या कापडाचं दुकान आहे, आणि दुकानासमोर रस्त्याच्या कडेला मी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच कबूल करतो. मी बाकडं म्हणून जन्मलो नाही. १९८१ साली शेठना काउंटर हवं होतं. गादीवर बसून कापड विकणं आता जुनं झालं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. त्यांनी लोटन मिस्त्रीला सागाच्या फळ्या आणून दिल्या. लोटन मिस्त्रीचा टेपवर विश्वास नव्हता. तो वितीने मोजायचा, मोजता मोजता गप्पा मारायचा, आणि गप्पा संपल्या की "किती विती झाल्या होत्या?" असं समोरच्यालाच विचारायचा. समोरचा अंदाजाने सांगायचा. त्या अंदाजातून मी तयार झालो. लांबी आठ फूट, उंची शेठच्या गुडघ्याएवढी.

शेठ माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"लोटन, हे काउंटर आहे?"

"काउंटरच शे, शेठ. जरासं बसकं शे."

"याच्यामागे उभं राहून मी कापड कसं दाखवू?"

"उभं कशाले राहता? बठीसन दाखाडा."

"बसूनच दाखवायचं तर गादी काय वाईट होती?"

लोटन मिस्त्रीने यावर प्रामाणिकपणे विचार केला. "ते बी खरं शे," असं म्हणून त्याने करवत पिशवीत घातली आणि तो निघून गेला.

शेठनी मला तात्पुरतं बाहेर ठेवलं. पाच मिनिटांत एक गृहस्थ येऊन माझ्यावर बसले. दहा मिनिटांत दोन झाले. संध्याकाळी मला आत घ्यायचं तर सहा माणसांना उठवावं लागलं असतं, आणि कोणाला 'उठा' म्हणणं शेठच्या स्वभावात नव्हतं. अशा रीतीने मी नोकरीला लागलो.

माझ्यात एक दोष होता. मिस्त्रीने माझे पाय टोकाला लावायचे सोडून फारच आत लावले होते. त्यामुळे एकट्या माणसाने मध्येच बसावं लागे. दोघं असतील तर दोन टोकांना दोघं बसले की सगळं ठीक. पण एक उठला की दुसरा खाली. पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त तलाठी पडले, एक विमा एजंट पडला, आणि एक शेतकरी कांद्याच्या पिशवीसकट पडला. कांदे थेट आग्रा रोडपर्यंत गेले.

मला दुरुस्त करणं सोपं होतं. पण कापड गल्लीने मला दुरुस्त न करता स्वतःला दुरुस्त केलं. लोक उठण्याआधी शेजारच्याला विचारू लागले, "उठू का?" शेजारचा म्हणे, "उठा," आणि तोही उठे, किंवा मध्ये सरके. त्याला अजून बसायचं असेल तर म्हणे, "थांब जरा." मग पहिला थांबे. वर्षा-दोन वर्षांत ही रीत इतकी मुरली की गल्लीतली माणसं घरी जेवतानाही पाटावरून विचारून उठत. एकदा दोन साडू माझ्यावर बसून कडाक्याचे भांडले. एक जण तावातावाने निघाला, पण सवयीने त्याच्या तोंडून "उठू का?" निघालंच. दुसरा म्हणाला, "थांब जरा." थांबल्यावर काय करायचं म्हणून दोघांनी बोरं खाल्ली. भांडण कशावरून होतं ते त्यांना पुढे आठवलं नाही. मला आठवतंय, पण मी सांगणार नाही.

बोरं तानुबाईची. माझ्या डाव्या पायाशी ती टोपली घेऊन बसायची. हिवाळ्यात बोरं, उन्हाळ्यात कैऱ्या, पावसाळ्यात सीताफळं येईपर्यंत फक्त बातम्या.

मित्रांनो, माझ्यावर बसणारा माणूस काही विकत घेत नाही, असं कोणालाही वाटेल. पण बसलेल्या माणसाला करायला काही नसतं. तो आधी बोरं खातो. मग त्याची नजर आपल्या चपलेवर जाते आणि समोरच्या चपलांच्या दुकानावर जाते. मग त्याला आठवतं की सदऱ्याची कॉलर फाटली आहे, आणि शेजारी शिंपी बसलेलाच आहे. तासाभराने तो नखशिखांत नवा होऊन उठतो, अर्थात विचारून. आमची गल्ली अशी चालायची.

आता कौतिक आबांबद्दल सांगतो. आबा नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्हीकडची मंडळी मिळून बस्ता बांधायला येतात, म्हणजे नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं कापड एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतात. चाळीस-पन्नास माणसं सहज असतात. बायका आत गादीवर बसतात, साड्यांचे ढीग होतात, आणि शेवटी घरातल्या वडीलधाऱ्याने "बांधा" म्हटलं की गाठोडं बांधलं जातं. आबांच्या पंचक्रोशीत कोणाचंही लग्न असो, "बांधा" म्हणायला आबाच लागायचे. त्यांनी बांधलेल्या बस्त्यावरून पुढे रुसवेफुगवे होत नाहीत, असा लौकिक होता.

मी तुम्हाला खात्रीने सांगतो, आबांनी आयुष्यात एकही साडी पाहिली नाही. ते दिवसभर माझ्या डाव्या टोकाला बसायचे, उजव्या टोकाला नव्या सोयरिकीतला व्याही बसायचा, आणि आबा डोळे मिटून दुकानातला आवाज ऐकायचे.

"आवाज चढना," ते म्हणायचे. "आते पसंती जवळ उनी."

"आणि आवाज बंद पडला तर?" एकदा इंदरचंद शेठनी विचारलं.

"तं समजानं, कोणी तरी मनमा रुसनं. तव्हय चहा धाडा."

शेठ चहा धाडायचे. आवाज पुन्हा चढायचा. तो एका विशिष्ट उंचीवर पोचला की आबा डोळे न उघडता म्हणायचे, "बांधा." आणि मग तानुबाईकडे वळून, "अक्का, बोरं गोड शेतस ना?"

"आबा, तुम्हना तोंडमा दात किती शेतस ते पहिले सांगा. मंग बोरंनं पाहू."

तेव्हा शेठ दर दसऱ्याला कात्री, गजाची पट्टी आणि मला अशा तिघांना झेंडूची माळ घालायचे. कात्रीला थोडा राग यायचा. पण ती कात्री, तिला कशाचाही राग यायचा.

मग १९९३ साल आलं आणि शेठचा मुलगा उत्तमचंद सुरतेहून परत आला. तो तिथे मामाच्या दुकानात दोन वर्षं होता. मामाच्या दुकानाला काचेचं दार होतं. उत्तमचंद वाईट नव्हता. त्याने फक्त काचेचं दार पाहिलं होतं. तो म्हणाला, "बाबूजी, दारात दहा रिकामटेकडे बसलेले. गिऱ्हाइकाला दुकान दिसेल कसं?" इतर दुकानदारांनाही तो जे बोलला ते पटलं. गल्ली सुधारण्यासाठी व्यापारी मंडळाची बैठक बोलावण्यात आली. मंडळाला जागा नव्हती, म्हणून बैठक माझ्यावरच झाली. सात जण माझ्यावर बसले, मला हटवण्याचा ठराव एकमताने पास केला, आणि मग बराच वेळ एकमेकांना "उठू का?" विचारत राहिले.

इंदरचंद शेठ तेवढे आत गादीवरच बसून राहिले. मुलगा नव्या उमेदीने काही करत होता, त्याला 'नको' म्हणणंही त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मला दुकानाच्या माळ्यावर टाकलं. तिथे प्लास्टिकची एक नवरी होती. तिचा एक हात तुटलेला होता आणि १९८६ पासून तिच्या अंगावर तोच शालू होता. तिचं लग्न का मोडलं ते मी कधी विचारलं नाही. माळ्याला गल्लीकडे एक झरोका होता. त्यातून मी तीन वर्षं खाली बघत होतो.

माझ्या जागी सिमेंटच्या चार कुंड्या आल्या. गल्ली स्वच्छ दिसू लागली. मग मोकळी दिसू लागली. मग नुसतीच दिसू लागली. तानुबाई टोपली उचलून एसटी स्टँडवर गेली. चपलांचं दुकान स्टँडजवळच्या नव्या कॉम्प्लेक्समध्ये गेलं. जाताना त्याने कोणाला विचारलं नाही. चपलांचं गिऱ्हाईक गेलं म्हणून शिंपी पडला. शिंप्याकडे ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका बंद झाल्या, म्हणून काचेच्या बांगड्यांचं दुकान पडलं. मी वरून बघत होतो आणि मला तो कांद्यांचा दिवस आठवत होता. कुंड्यांतली झाडंही वाळली, कारण त्यांना पाणी घालायला रिकामटेकडं कोणी उरलं नव्हतं.

१९९६ च्या उन्हाळ्यात उत्तमचंद एक दिवस गादीशेजारी उभा राहिला. वर माळ्यापर्यंत ऐकू आलं.

"बाबूजी, आखाजीपर्यंत बघू. लग्नसराईत दोन बस्तेही आले नाहीत, तर आखाजीनंतर शटर ओढू. मामा बोलावतोय. तुम्ही पण सुरतेला चला."

शेठ फक्त एवढंच म्हणाले, "तिथे मला कोण ओळखतं?"

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नऊ दिवस उरलेले असताना कौतिक आबा आले. गुडघ्यांमुळे मधली तीन वर्षं त्यांचं येणं झालं नव्हतं. या वेळी बस्ता त्यांच्या स्वतःच्या नातीचा होता. बरोबर दोन्हीकडची त्रेचाळीस माणसं. नवरीची आई झुंबरबाई, म्हणजे आबांची सून, बायकांना घेऊन आत शिरली. गादी भरली, साड्या उलगडल्या, गल्लीत किती तरी दिवसांनी आवाज चढला. प्लास्टिकच्या नवरीनेही कान टवकारले असावेत.

आबा आत आले नाहीत. ते माझ्या जागी उभे राहिले आणि त्यांनी वाळलेल्या कुंडीकडे पाहिलं.

"बाकडं कोठे गयं?"

उत्तमचंद लगबगीने बाहेर आला. "आबा, आत या ना. पंखा आहे, गादी आहे."

"आतमा बायास्नी पसंती चालस. तठे मी बठीसन काय करू, पदर धरू?"

उत्तमचंदने खुर्ची आणली. लाल, प्लास्टिकची. आबांनी तिच्याकडे, ती कोणाची तरी चुकून राहिलेली छत्री असावी, तसं पाहिलं.

"एकच शे. मना याही कोठे बठई?"

व्याही म्हणजे दोंडाईचाचे वनाभाऊ. ते सकाळपासून जरा ताठच होते. बस्ता दोंडाईचाला बांधावा असं त्यांचं म्हणणं होतं, ते आबांनी ऐकलं नव्हतं.

"दुसरी खुर्ची आणतो ना, आबा!"

"भाऊ, खुर्चीवरला याही कव्हय बी उठी जास," आबा म्हणाले. "बाकडावरला इचारीसन उठस."

दहा मिनिटं आबा उभे राहिले. त्यांचे गुडघे आता सत्तरीचे होते. वनाभाऊंनी घड्याळ पाहिलं, मग आभाळ पाहिलं, मग म्हणाले, "मी पहिलेच सांगेल व्हतं. दोंडाईचाले चाला. तठे नवं दुकान शे. काचनं."

आबांनी काठी उचलली. "चाला रे बठ्ठा."

"आबा, शालू पसंत पडी गया व्हता!" झुंबरबाई आतून ओरडली.

पण वडीलधारा निघाला म्हणजे निघाला. त्रेचाळीस माणसं उठली, न विचारता. गादीवर अर्ध्या उलगडलेल्या साड्या राहिल्या. एक शालू उंबऱ्यापर्यंत फरफटत आला आणि तिथेच थांबला. गल्ली एका मिनिटात रिकामी झाली.

उत्तमचंद दारात उभा होता. त्याचं तोंड आमच्या प्लास्टिकच्या नवरीसारखं झालं होतं.

"बाकडं काढ," गादीवरून शेठ म्हणाले.

"आता? ते तर गेले, बाबूजी."

"चाळीस माणसांना आग्रा रोड ओलांडायला वेळ लागतो. काढ."

मित्रांनो, मी सागाचा आहे आणि आठ फूट लांब आहे. उत्तमचंदने मला एकट्याने माळ्यावरून उतरवलं. त्यात त्याचा सदरा फाटला आणि नवरीचा दुसरा हात गेला. मग मला उलटं करून डोक्यावर घेतलं आणि तो धावत सुटला. माझे चारही पाय आभाळाकडे होते. मी तीन वर्षांनी ऊन पाहत होतो, आणि तेही उलटं. लोक दुकानांतून बाहेर आले. "अरे, उत्तमशेठ घर बदलतोय का?" कोणीतरी म्हणालं. "काउंटर घेऊन पळतोय," दुसरा म्हणाला. मला फार बरं वाटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला कोणी काउंटर म्हणालं होतं.

मंडळी खरोखरच आग्रा रोडच्या कोपऱ्यावर अडकलेली होती. उत्तमचंदने मला तिथेच भर चौकात आबांसमोर ठेवलं. त्याला बोलता येत नव्हतं, एवढा दम लागला होता.

आबांनी खांद्यावरच्या टॉवेलने माझ्यावरची धूळ झटकली आणि जुन्या सवयीने डाव्या टोकाला बसले. एकटेच. मी जे करायचं तेच केलं. माझं उजवं टोक वर उचललं गेलं, आबा मागे कलले, बायका किंचाळल्या, आणि त्यांना वाचवायला सगळ्यात जवळ उभे असलेले वनाभाऊ धाडकन माझ्या उजव्या टोकावर येऊन बसले.

मी सरळ झालो. आबाही सरळ झाले.

वनाभाऊ उठायला गेले, तसे आबा पुन्हा कलू लागले. वनाभाऊ घाईने परत बसले. त्यांनी खाली वाकून माझे पाय कुठे आहेत ते पाहिलं. परिस्थिती त्यांच्या लक्षात आली.

"आबा," ते शेवटी म्हणाले, "उठू का?"

"थांब जरा," आबा म्हणाले. आणि झुंबरबाईला म्हणाले, "जा व माय, तुना शालू पाही ले."

मित्रांनो, मी त्या चौकात तीन तास होतो. बायका परत दुकानात गेल्या. आबांना तिथून आवाज ऐकू येईना, म्हणून उत्तमचंद फाटक्या सदऱ्याने दुकान ते चौक अशा खेपा घालत होता.

"आबा, आवाज चढला!"

"किती?"

"छपरावरची कबुतरं उडाली."

"आजून थोडा चढू दे."

तेवढ्यात एक चणेवाला माझ्यापाशी येऊन थांबला. मग एक उसाच्या रसाची गाडी आली. मग एक चांभार माझ्या सावलीला पेटी मांडून बसला. वाहतूक पोलीस शिट्टी वाजवत आला, "कोणाचं हे बाकडं?" म्हणाला, आणि मध्ये जागा होती म्हणून बसला. बातमी एसटी स्टँडवर पोचली आणि तानुबाई टोपलीसकट आली.

"आबा, आते दात किती उरनात?"

"तीन शेतस, अक्का. पण तिन्ही तुन्हा बोरंसाठे राखी ठेयेल शेतस."

"कैऱ्या शेतस आज."

"मंग इकडे वनाभाऊले दे. त्यास्ना पुरा शेतस."

वनाभाऊंनी कैरी खाल्ली, रस प्याले, चप्पल शिवून घेतली. तीन वेळा त्यांनी "उठू का?" विचारलं आणि तीन वेळा आबा "थांब जरा" म्हणाले. चौथ्यांदा त्यांनी विचारलंच नाही. ते आबांना आपल्या आईच्या लग्नाची गोष्ट सांगत होते.

दुपारी उत्तमचंद धापा टाकत आला. "आबा, आवाज इतका चढलाय की बाबूजी हसतायत."

आबांनी डोळे मिटले. "बांधा," ते म्हणाले.

त्या आखाजीनंतर शटर ओढलं गेलं नाही. मी परत माझ्या जागी आलो. कुंड्या माळ्यावर गेल्या. नवरीला सोबत झाली. तानुबाई परत आली. पण सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. शिंपी आता शहाद्याला असतो म्हणतात. चपलांचं दुकान कॉम्प्लेक्समध्येच आहे आणि तिथे वर जायला गुळगुळीत जिने आहेत, बसायला काही नाही. बांगड्यांच्या दुकानाचं गोदाम झालं. पूर्वी संध्याकाळी या गल्लीतून जायचं तर खांदा पुढे करून वाट काढावी लागे. आता छाती पुढे काढून चालता येतं. ज्यांनी ती गर्दी पाहिली आहे, त्यांना त्याचा काही आनंद होत नाही.

तुम्हीही मोठे व्हाल, नव्या जागी जाल. जायला हरकत नाही. मी स्वतः एकदा आग्रा रोडपर्यंत जाऊन आलो आहे. माझी विनंती एवढीच, की निघण्याआधी दुसऱ्या टोकाला कोण बसलं आहे ते बघा आणि त्याला विचारा. आणि वाटेत कुठे जुनं बाकडं दिसलं, तर घटकाभर बसा. काही विकत घेतलं नाही तरी चालेल. जमलं तर पावसाळ्याआधी त्याच्या पायांना थोडं डांबर लावा, वाळवीसाठी.

हे सांगत असताना कौतिक आबा माझ्या डाव्या टोकाला बसले आहेत. आज कोणाचा बस्ता नाही. ते नुसते आले आहेत. उजव्या टोकाला इंदरचंद शेठ आहेत. इतकी वर्षं शेठ कधी माझ्यावर बसले नव्हते, त्यांना गादी सोडता यायची नाही. आता गादीवर उत्तमचंद असतो. दोघं म्हातारे तासभर एक शब्द बोललेले नाहीत. आतून आवाज येत नाही, तरी आबांनी सवयीने डोळे मिटले आहेत.

नरडाण्याकडची पाचची गाडी सुटायची वेळ झाली. आबांनी काठी जवळ ओढली.

"शेठ, उठू का?"

"थांबा जरा," शेठ म्हणाले.

पाचची गाडी गेली. सहाची आहे अजून.